पुणतांब्याला सुटलेली गाडी

परवा पुणतांबा जंक्शनवर लेकीला गाडीत बसवताना तापलेल्या ब्रेकचा वास आला आणि माझं एकोणिसावं वर्ष आठवलं. तेव्हा वडील मला कोपरगावला स्थळ दाखवायला नेत होते. सामसूम फलाटावर आम्ही दोघंच होतो. समोर पुण्याची गाडी उभी होती आणि माझ्या पिशवीत पुण्याच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचं पत्र लपवलेलं होतं.

रुळांकडे बघत वडील म्हणाले, "पत्र बघितलंय मी. जायचं असंल तर जा पोरी. घरचं मी बघतो."

उठावंसं वाटलं, पण पाय हललेच नाहीत. गाडी सुटली.

पुढं कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले, की वडिलांनीच मला संसारात अडकवलं. त्यांनी ते कधीच खोडून काढलं नाही.