पुलाचा रंग आणि चिमीचं घर

विषय : झाशीच्या नगरा वस्तीतील मुन्नालालजींच्या अहात्यात दारा-खिडक्यांना दिलेला जुना रंग व त्यापासून लहान मुलांना होणारा अपाय.

संदर्भ : तोंडी.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... जाऊ द्या! झाशीच्या रेल्वे ऑफिसात जन्मभर कारकुनी केली, आता निवृत्त झालो, तरी बायकोकडे चहा मागताना तोंडात 'विनंती' येते. ती म्हणते, "मंजूर, पण साखर नाही."

किस्से हे फायलींसारखे असतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप साठतात. वरची एक काढायला जावं तर खालच्या चार अंगावर येतात. आमच्या अहात्याच्या ढिगाऱ्यात हल्ली सगळ्यात वर आहेत त्या डॉक्टर शेवडेबाई.

अहाता म्हणजे मधे अंगण, अंगणात एक नळ आणि भोवती भाड्याच्या खोल्या. खोल्यांत आम्ही, महाराष्ट्रातून बदलीवर आलेली रेल्वेची मंडळी. क्वार्टर मिळेपर्यंत चार दिवस राहू म्हणून येतात आणि पोरांच्या मुंजी इथंच लावतात. शेवडेबाई मात्र जुन्या झाशीतल्या, दतिया गेटच्या. जुनं मराठी घराणं. त्यांचे पूर्वज घोड्यावरून आले, आम्ही पॅसेंजरने. म्हणून त्यांना आमच्यापेक्षा जरा जास्त अधिकार आहे, असं आम्ही मानतो. न मानून सांगता कुणाला!

*

आधी रंगाविषयी. मालक मुन्नालालजी रेल्वेच्या भंगाराच्या लिलावातून रंगाचे डबे आणायचे. लोखंडी पुलांना देतात तो रंग. दर दिवाळीला जुन्या थरावर नवा थर. खरवडायचं नाव नाही. दारं इतकी जाड झाली होती की लागायची बंद झाली.

"रेल का पेंट है बाबूजी," मुन्नालालजी दारावर थाप मारून सांगत. "बेतवा के पुल पर टिकता है, तो आपके दरवाज़े पर क्यों नहीं टिकेगा?"

आणि आम्हीही छाती फुगवायचो! पुण्याहून मेव्हणे आले तेव्हा मी त्यांना किल्ला दाखवायच्या आधी दार दाखवलं. उरलेल्या रंगातून कुणी पाळणा रंगवला, कुणी पोराची गाडी. रेल्वेच्या माणसाला रेल्वेची वस्तू ही देवाच्या प्रसादासारखी. प्रसादाला कुणी 'यात काय घातलंय' असं विचारत नाही.

*

शेजारच्या खोलीत विनायक काळे. मालगाडीवर गार्ड. बायको शोभा आणि मुलगी चिमी, नुकतं तिसरं लागलेलं. पोरगी आधी भारी बोलकी. मला 'बाबूदी' म्हणायची. मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. पोट धरून रडायची. आणि बोलणं आटलं. 'बाबूदी' गेलं, 'पाणी' गेलं, शेवटी 'आई' सुद्धा गेलं.

अहात्यानं आपापली औषधं केली. जंताचं झालं, दृष्टीचं झालं, ताईत झाला. "माती खाते हो," शोभा सगळ्यांना सांगायची.

शेवटी ती रेल्वेच्या दवाखान्यात शेवडेबाईंकडे गेली. बाईंनी पोरीची जीभ पाहायच्या आधी विचारलं, "घर कुणाचं?"

"भाड्याचं."

"रंग कधीचा?"

शोभा म्हणाली, "मी पोरीला दाखवायला आणलंय, घराला नाही!"

"मग घराकडे मीच येते," बाई म्हणाल्या आणि संध्याकाळी आल्या. खुर्ची दिली ती घेतली नाही. सरळ खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसल्या, चिमी बसते तिथं, चिमीच्या उंचीवर. आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे. बाईंनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं रंगाचे टवके उडालेले, आणि लाकडावर बारीक दातांच्या खुणा.

"शोभा, तुझी मुलगी माती नाही गं खात," बाई म्हणाल्या. "ती मुन्नालालजींचं घर खातेय! या रंगात शिसं असतं. चवीला गोड लागतं, म्हणून पोरं पुन्हा पुन्हा तोंडात घालतात."

त्या खोलीत आम्ही रोज येत-जात होतो. पण उभ्यानं!

*

शिसं आहे हे सिद्ध कसं करायचं? बाईंनी टवके पुडीत बांधले आणि वर्कशॉपच्या प्रयोगशाळेत पाठवले. पुडी घेऊन मीच गेलो. तिथले सक्सेनाजी म्हणाले, "बाबूजी, हम बेअरिंग जाँचते हैं, खिड़की नहीं." तरी कागद भरून आणायला दिला. त्यात एक रकाना होता : 'नमुना कोणत्या यंत्राच्या भागाचा? वापर काय?'

बाईंनी त्यात लिहिलं : 'खिडकी. वापर : लहान मुलगी रोज तोंडात घालते.'

सक्सेनाजींनी तो रकाना वाचला आणि पुडी ठेवून घेतली. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं. टाइप केलेलं : 'शिशाचे प्रमाण भरपूर. नमुना लोखंडी पुलासाठी उत्तम आहे.'

आणि खाली हातानं, शाईच्या पेनानं : 'बच्ची को वहाँ से हटा लीजिए.'

*

चिमीचं रक्त मोठ्या शहरातल्या इस्पितळात तपासून आलं. बाईंनी तपासणीचा कागद वाचला, त्याची घडी केली आणि म्हणाल्या, "आजपासून ही माझ्या वॉर्डात."

औषधं सुरू झाली. शोभा रोज विचारायची, "घरी कधी?"

"औषधानं शिसं अंगातून काढीन मी," बाई म्हणाल्या. "पण पुन्हा त्याच खिडकीत नेऊन बसवलीस तर पुन्हा भरेल. घर स्वच्छ होईपर्यंत पोर मिळणार नाही."

"आणि बोलेल ना हो पुन्हा?"

बाई म्हणाल्या, "पोट दुखायचं थांबेल, रंग परत येईल, एवढं सांगते. बोलण्याची हमी मी देत नाही, शोभा. खोटं कशाला सांगू?"

विनायक गाडी घेऊन बीना जंक्शनकडे जायचा तो परतताना स्टेशनवरून घरी न येता थेट वॉर्डात जायचा. घरात होतंच कोण!

*

बाई मुन्नालालजींच्या बैठकीत गेल्या. मी सोबत. मुन्नालालजींनी पान पुढे केलं, ऐकून घेतलं आणि हसले.

"डॉक्टरनी जी, मैं इसी घर में पला हूँ. मुझे क्या हुआ?"

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "वही तो देख रही हूँ."

मी पान गिळलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून त्यांच्या अम्मा बोलल्या, "लल्ला, तेरे टैम पे तो चूना पुतत तो! जे रंग तो तैंने लगवाओ."

म्हणजे त्यांच्या लहानपणी घराला चुना होता, हा रंग त्यांनीच आणलेला! मुन्नालालजी म्हणाले, "अम्मा, तुम सो जाओ." पण दुसऱ्या दिवशी पेंटर पाठवला.

*

पेंटर आला तो हातात खरवडणी आणि पेटता ब्लो-लॅम्प घेऊन. आगीनं रंग जाळायचा, फुगला की ओरबाडायचा. कुणीतरी सायकल काढून दवाखान्याकडे पळालं. बाई आल्या त्या रिक्षातून, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच.

"जाळू नका! इतके दिवस एक पोर चाटत होती, आता धूर अख्ख्या अहात्याच्या छातीत जाईल."

पेंटर म्हणाला, "मैडम, मालिक का हुकुम है. हटिए."

बाईंनी आमच्याकडून एक स्टूल मागितलं आणि काळ्यांच्या उंबऱ्यावर मांडलं. "आज माझी ओपीडी इथेच. बोलवा अहात्यातली सगळी पोरं."

पोरांची रांग लागली. एकेकाचं पोट दाबून, डोळे पाहून, बाई कागदावर लिहीत होत्या. पेंटर लॅम्प घेऊन उभा. शेवटचं पोर गेल्यावर बाईंनी मान वर केली. "अब आप आइए."

"मैं? क्यों?"

"पेट में मरोड़ कब से है?"

त्याचा हात पोटावरच होता! त्यानं लॅम्प विझवला आणि रांगेत नसलेला शेवटचा पेशंट म्हणून स्टुलासमोर बसला. मुन्नालालजींच्या कामाला तो परत आला नाही. बाईंच्या दवाखान्यात मात्र नेमानं येतो.

*

आता दारांचं काय? पुरुषांनी बैठक घेतली. निवेदन द्यावं, शिष्टमंडळ न्यावं, असे विचार मांडले गेले. मी मसुदा करायला घेतला. मसुद्यात 'कृपया' दोनदा आलं म्हणून एक काढत होतो, तेवढ्यात अंगणात धाडकन आवाज झाला.

माझ्या बायकोनं, कुसुमनं, आमचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं होतं!

बाईंनी बायकांना आधीच रीत सांगून ठेवली होती. पोटुशी कुणी जवळ यायचं नाही, पोरं अहात्याबाहेर ठेवायची. आधी लाकूड ओलं करायचं, मग हात लावायचा. ओल्या चादरीत दार गुंडाळायचं, खाली ओलं पोतं अंथरायचं. झाडू नाही, ओलं फडकं. दुपारपर्यंत सगळ्या खोल्यांची दारं आणि खिडक्यांची झडपं हातगाडीवर चढली आणि मुन्नालालजींच्या बैठकीसमोर ओळीनं उभी राहिली.

मुन्नालालजी धावत बाहेर आले. "बहूजी! दरवाज़े कौन निकालता है?"

कुसुमचं हिंदी अजून साताऱ्यातच आहे. ती म्हणाली, "भैयाजी, आपका चीज है, आपके पास शोभता है. हम भाडेकरू लोग, इतना भारी चीज कायको वापरेंगे?"

माझा मसुदा अपूर्ण राहिला. 'कृपया' एक काढला होता.

*

चौकटी उरल्या. त्या भिंतीत, निघणार कशा? बाई म्हणाल्या, "कणकेच्या खळीनं जाड कागद चिकटवा, पोरांची बोटं पोचू देऊ नका." जाड कागद अहात्यात एकाकडेच. मी वर्षानुवर्षं जपलेली जुनी टाइमटेबलं! वाचनाची आवड असलेल्या माणसाला ती कादंबरीसारखी लागतात. सगळी पात्रं वेळेवर येतात. कुसुमनं मला न विचारता ती फाडली. आता आमच्या चौकटीवर दिल्लीकडच्या गाड्या आहेत, काळ्यांच्या चौकटीवर माणिकपूर लाइन.

हाताला रंगाची धूळ राहू नये म्हणून शोभानं नळावर आणखी एक पद्धत घातली. विनायकचे जुने झेंडे तिथं बांधले. हात धुतले की हिरवा, नाहीतर लाल. लाल असताना जेवण नाही. एकदा विनायक ड्यूटीवरून भुकेला आला, थेट पाटावर बसला. शोभानं ताट उचललं.

"गार्डसाहेब, सिग्नल पाहिलात?"

"अगं, मी गार्ड आहे!"

"म्हणूनच म्हणते. लाल असताना गाडी पुढे नेलीत तर काय होतं, ते मी सांगू?"

तो मुकाट्यानं नळाकडे गेला. शेवडेबाई एकदा येऊन घर पाहून गेल्या. पुन्हा फरशीवर बसून. खिडकीच्या कडेवरून ओलं फडकं फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. म्हणाल्या, "काय जी शोभा, आता पोरीला पाठवते."

चिमी घरी आली. गालांना रंग आला होता. पोट धरत नव्हती. फक्त बोलत नव्हती. शोभा तिच्याशी दिवसभर बोलायची, ती ऐकायची.

*

आता शेवटचा किस्सा. अहाता पडद्यांवर चालला होता. कुणाच्या दाराला जुनं लुगडं, कुणाच्या पोतं. एके दिवशी सकाळी मुन्नालालजी आले. अंगणात मला पाहून थांबले.

"बाबूजी, बहुत हो गया. शुरुआत काले जी से करूँगा. कल तक मेरे दरवाज़े वापस लगें, नहीं तो कमरा खाली."

"सांगा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घर त्यांचं होतं.

ते काळ्यांच्या खोलीसमोर गेले. आत बाईमाणूस. कडी वाजवावी तर कडी नाही, दार ठोठावावं तर दार नाही, आणि परक्या घरचा पडदा सारायची रीत नाही. मुन्नालालजी खाकरले. आतून काही नाही. पुन्हा खाकरले. घसा साफ करून, जरा मोठ्यानं, तिसऱ्यांदा खाकरले.

लुगड्याची कड खालून हलली. त्याखालून चिमीचं डोकं बाहेर आलं. तिनं मुन्नालालजींकडे वर पाहिलं.

"आ जाओ जी," चिमी म्हणाली. "दार नाई!"

आत शोभाच्या हातातलं भांडं पडलं.

 मुन्नालालजींनी चपला काढल्या, वाकले आणि आत गेले.

खोली खाली करण्याचा विषय मालकांकडून पुन्हा निघालेला नाही. साध्या लाकडाची, नुसतं तेल लावलेली दारं बसवून मिळावीत, असा सर्व भाडेकरूंच्या सह्यांचा अर्ज मुन्नालालजींकडे देण्यात आला आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.