दिवस मावळेपर्यंत

मोटारी आमच्याकडे अजून यायच्या होत्या तेव्हाची गोष्ट. पोहरादेवीच्या यात्रेला जाताना आम्हा बायकांच्या बैलगाडीत माझ्याशेजारी एक अनोळखी बाई होती. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, पण ती पाण्याला शिवत नव्हती. कोरडी भाकर ठेच्याशी चावायची, पोट दाबायची, सारखी जागा बदलायची आणि सूर्याकडे बघायची.

"पोट पार दगड झालं वं," ती कण्हली.

मी तांब्या पुढे केला. "मंग पानी पे ना! पान्याबिगर पोट साफ कसं होईन?"

"पेईन. पन मंग जा लागन, थे कुठी? चहूकडं मानसं हायेत. अंधार तं पडू दे."

तिने पुन्हा वर पाहिलं. सूर्य डोक्यावरच होता.

माझाही घसा कोरडा पडला होता. तरी तांब्या मी तसाच भरलेला खाली ठेवला.