फुकटचा विषय

मेनाला इटालियन हा विषय फुकटात पडणार, हे तिला सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. विषय निवडायच्या वेळी शाळेतल्या बाईंनी आडनाव वाचलं, पेल्लेग्रीनो, आणि तिला न विचारताच इटालियनपुढे खूण केली. वडील म्हणाले, घरचीच भाषा, तिला अभ्यास कसला. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझं बरंय बाई, एक तरी नऊ तुझ्या खिशात. नऊ म्हणजे सगळ्यात वरचा आकडा. मेनाचे बाकी विषय तीन-चारच्या आसपास लोळत होते. गणित तिला कळायचं नाही. विज्ञान कळल्यासारखं वाटायचं, पण पेपर हातात आला की विसरायचं. तेव्हा हा एक तरी विषय आपला, असं तिलाही वाटत होतं.

इंग्लंडातल्या बेडफर्डच्या ज्या भागात मेना राहते, तिथे पेल्लेग्रीनोंसारखी आडनावं दर चौथ्या दारावर आहेत. मेनाचे आजोबा कार्मिने एकोणिसाव्या वर्षी दक्षिण इटलीतल्या एका डोंगरी खेड्यातून वीटभट्टीवर कामाला आले आणि इथलेच झाले. त्यांच्यात आजीचं नाव नातीला देतात, म्हणून ही फिलोमेना. एवढं लांब नाव शाळेत कोण घेणार, म्हणून मेना. आई इंग्रज, दवाखान्यात कामाला. वडील नळ दुरुस्त करत गावभर फिरणारे. त्यामुळे पोरीला वाढवलं नोन्नोंनी. नोन्नो म्हणजे आजोबा. शाळा सुटली की तेच न्यायला यायचे, पावावर तेल आणि टोमॅटो घालून द्यायचे आणि अखंड बोलायचे, आपल्या गावच्या बोलीत. मेना आधी ती बोली बोलायला लागली, इंग्रजी मागाहून.

आणि आता जानेवारीतल्या सराव परीक्षेत तिला इटालियनमध्ये चार मिळाले होते.

इटालियन शिकवणाऱ्या मिस प्रिचर्डनी तोंडी परीक्षेच्या कागदावर लाल शाईने दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, शब्दांच्या शेवटचे स्वर गिळतेस. दोन, स्पॅनिश मिसळू नकोस. खाली लिहिलं होतं की तिला खालच्या पेपरला बसवावं असं वाटतं. खालचा पेपर सोपा असतो, पण त्यात कितीही चांगलं लिहिलं तरी पाचाच्या वर मिळत नाही. पुढची दोन वर्षं इटालियन घ्यायचं तर सहा लागतात. म्हणजे ज्या एका दाराची किल्ली आपल्याकडे आहे असं मेना समजत होती, तेच दार बंद होणार होतं. आणि स्पॅनिश तर ती जन्मात शिकली नव्हती.

मेनाची मैत्रीण केझाया हिची आई कपडे धुवायच्या लाँड्रीत कामाला होती. घरापेक्षा तिथे ऊब जास्त, म्हणून केझाया, मेना आणि त्यांचा मित्र काट्स्पर असे तिघं शाळा सुटल्यावर तिथल्या बाकावर उजळणीला बसायचे. उजळणी म्हणजे काट्स्परने कार्ड वाचायचं, दोघींनी चुकीचं उत्तर द्यायचं आणि मग तिघांनी बराच वेळ दुसरंच काहीतरी बोलायचं. त्या दिवशी विज्ञानाच्या कार्डावरच्या मूत्रपिंडावरून गाडी सुरू झाली आणि मेनाच्या कागदावर येऊन थांबली.

केझाया स्पॅनिशच्या वर्गाला होती. तिने कागद ओढून घेतला आणि मेनाचं पहिलंच वाक्य वाचलं. मला सोळा वर्षं आहेत, असं वय सांगतात त्यांच्यात. 'मला आहेत' याच्या जागी मेना 'तेंगो' म्हणाली होती.

"अगं, हे तर आमचं," केझाया म्हणाली. "स्पॅनिशच्या पहिल्या धड्यातलं."

"आमच्या घरी असंच म्हणतात."

"मग तुमचं घर स्पेनमध्ये असेल. नोन्नोंना विचार, येताना चुकीच्या बोटीत बसले होते का."

काट्स्पर हसला, पण मेनाचं तोंड बघून त्याने हसू आवरलं. त्याने आपली पोलिश भाषेची परीक्षा आदल्या वर्षीच उरकली होती, नऊ घेऊन. त्यामुळे फुकटच्या विषयाचं नाव निघालं की दोघी त्याच्यावर तुटून पडायच्या. आज तो स्वतःहून म्हणाला की ते नऊ काही हुशारीचे नव्हेत. त्याची आई पोलंडात शाळेत शिकवायची, घरात बातम्या सांगितल्यासारखी बोलते. जेवायला बोलावते तेसुद्धा व्याकरणात.

"तुझे नोन्नो बातम्यांतलं बोलत नाहीत," तो म्हणाला. "एवढाच फरक आहे. ते काही चुकीचं बोलत नाहीत."

"कागदावर चूकच लिहिलंय."

"माझी आजी बार्बाडोसची," केझाया म्हणाली. "ती इंग्रजीच बोलते, जन्मापासून. तिच्यासारखं एक वाक्य मी निबंधात लिहिलं तर खाली ही एवढी लाल रेघ. मला तर कुणी चारसुद्धा फुकट देत नाही."

हे ऐकून मेनाला बरं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच चिडली. तिघांच्या घरी तीन तऱ्हा आणि नशीब उघडलं ते एकाचंच, तेही आई शिक्षिका होती म्हणून. ती दप्तर उचलून तडक निघाली.

घरी नोन्नो शेगडीपाशी घेवडा ढवळत होते. त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "आलीस का गं पोरी? भूक लागली आसंल." मेनाने कोट न काढताच विचारलं, आपण 'तेंगो' का म्हणतो?

"मंग काय म्हनायचं?"

"पुस्तकात 'ओ' आहे. नुसतं 'ओ'."

"ते सायबाचं. कचेरीतलं," नोन्नो म्हणाले आणि झाऱ्यावरचा एक दाणा चाखून मीठ बघितलं. त्यांच्या लेखी विषय संपला होता. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, हे मेनाला तेव्हा कळलं, आणि दिवसभर साठलेलं सगळं बाहेर आलं. ठाऊक होतं तर सांगितलं का नाही? ती काय कचेरीत जाणार नव्हती का? एवढी वर्षं चुकीचं शिकवलंत आणि आता त्या चार मार्कांचं काय करू, कुणाला दाखवू? बोलली ते सगळं त्यांच्याच बोलीत. चिडल्यावर तिला दुसरं काही सुचायचंच नाही.

'चुकीचं' हा शब्द ऐकल्यावर नोन्नोंनी झारा खाली ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की यामुळे नेमकं किती बिघडलंय. मेनाने खालचा पेपर, पाच, सहा, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तिला ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली तर नोन्नो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सुप्रभात. तू झोप चांगली?"

मेनाला वाटलं, गंमत करतायत. नोन्नोंचं इंग्रजी डॉक्टर आणि बसवाला यांच्यापुरतं होतं. घरात ते कोटासारखं खुंटीला टांगलेलं असायचं. तिने बोलीत उत्तर दिलं. त्यांनी हाताने थांबवलं. "परीक्षा संपते, मग ती भाषा. आता इंग्रजी. तुझा कान साफ."

त्याच दिवशी तिने मिस प्रिचर्डना गाठलं आणि सांगितलं की ते स्पॅनिश नव्हतं, नोन्नोंच्या गावचं होतं. मिस ओशाळून लाल झाल्या. त्या उत्तर इटलीत शिकल्या होत्या, दक्षिणेचं बोलणं त्यांच्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, आणि अगदी मनापासून मागितली. पण म्हणाल्या, तुझं बोलणं ध्वनिमुद्रित होऊन कुठल्यातरी अनोळखी माणसाकडे जाणार. त्याला तुझं गाव माहीत नसणार. तो चूक म्हणून मार्क कापणार. तरी फेब्रुवारीच्या सुटीआधी पुन्हा एकदा तोंडी घेते, त्यात 'तेंगो' आलं नाही आणि शब्द पुरे उच्चारलेस तर वरच्या पेपरला बसवते.

माफी मिळाली, मार्क नाही. मेनाला भांडायलाही जागा उरली नव्हती.

मग लाँड्रीत काट्स्पर परीक्षक झाला. इटालियन त्याला ओ की ठो येत नव्हतं. तो प्रश्नांचे कागद अडखळत वाचायचा आणि फक्त एका शब्दावर कान लावून बसायचा. लाँड्रीत बेवारस मोज्यांचं एक टोपलं होतं. 'तेंगो' आलं की मेनाच्या अंगावर एक मोजा. पहिल्या दिवशी ती मोज्यांत बुडाली. केझाया बाजूला रसायनशास्त्र उघडून बसायची आणि मोजा पडला की म्हणायची, ये, आमच्या वर्गात ये, तिथे याच शब्दाला मार्क देतात.

मोजे कमी होत गेले. याला काट्स्परपेक्षा घर जास्त कारण होतं, हे मेनाला कळत होतं आणि तेच तिला खुपत होतं. घरात आता 'तेंगो' ऐकूच येत नव्हतं. सकाळी "तू झोप चांगली," दुपारी "ये, बस, खा," रात्री "दिवा बंद, अभ्यास पुरे." ज्या माणसाने तिला वीटभट्टीवरच्या कोंबड्याची गोष्ट दर वेळी नवा शेवट लावून सांगितली होती, तो आता मोजकं बोलत होता. कारण त्या भाषेत त्याच्याकडे शब्दच तेवढे होते. ते रुसले असते तर समजूत काढता आली असती. पाय धरता आले असते. पण ते तर मदत करत होते.

तिने वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, बरंच आहे की, माझंही इंग्रजी त्यांच्यामुळे कच्चं राहिलं होतं. आणि पाना घेऊन कुणाच्या तरी गळक्या नळाकडे निघून गेले.

सुटीआधीची तोंडी चांगली झाली. मिसनी तिथल्या तिथे तिचं नाव वरच्या पेपरला लिहिलं. एप्रिलच्या शेवटी खरी तोंडी झाली. कार्डावर विषय निघाला कुटुंबातली आवडती व्यक्ती. मेना नोन्नोंबद्दल बोलली. माझ्या आजोबांना चौऱ्याऐंशी वर्षं आहेत, 'ओ' ज्या क्रियापदाचं, त्याचंच बरोबर रूप. ते निवृत्त कामगार आहेत. त्यांना बागकामाची आवड आहे. प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर तिने अख्खा उच्चारला. मिस मान डोलावत होत्या. बोलता बोलताच मेनाला वाटत होतं, की हा म्हातारा कोण आहे, याला मी ओळखत नाही. पण थांबता येत नव्हतं, ध्वनिमुद्रण चालू होतं.

त्या दिवशी ती लाँड्रीत गेली नाही. घरी येऊन दारातूनच ओरडली, बोलीत, की नोन्नो, झाली एकदाची, आपण सुटलो, आता बोला. इतके दिवस तोंडात कोंडून ठेवलेलं सगळं तिला एकदम सांगायचं होतं. मोज्यांचं, मिसचं, कार्डाचं.

नोन्नो हसले. डोळ्यांत पाणी आलं होतं बहुतेक. पण बोलले इंग्रजीतच. "छान. शाबास. लिहिणे परीक्षा कधी?"

"जूनमध्ये. पण ती लिहायची आहे नोन्नो, तिला बोलायचं काय?"

"कान ऐकते, हात लिहिते," ते म्हणाले. "जून संपते, मग बोलणे."

मेनाने खूप वाद घातला. लिहिताना मी लक्ष ठेवीन, म्हणाली. शपथ घेतली. पण तिला माहीत होतं आणि बहुधा त्यांनाही, की परवाच्याच सरावात तिने निबंधात दोनदा 'तेंगो' लिहून दोनदा खोडलं होतं. म्हणून वाद घालताना तिचा आवाज चढत गेला.

"हे तुम्ही माझ्यासाठी करताय ना? मग मला नको असेल तर?"

"तुला सहा पाहिजे," नोन्नो म्हणाले.

तिला सहा हवेच होते.

संध्याकाळी नोन्नो जपमाळ घेऊन आपल्या खोलीत गेले. प्रार्थना मात्र ते गावच्याच भाषेत करत. तिथे इंग्रजी त्यांना जमलं नसतं, आणि देव काही शब्दांचे शेवट तपासत नाही. मेना जिन्यात, खोलीच्या बाहेर, क्रियापदांचा तक्ता मांडीवर घेऊन बसली होती. आतून पहिले दोन-तीन शब्द ऐकू आले, तेच जुने, अर्धे गिळलेले. ती तक्ता तसाच ठेवून ऐकायला लागली.

तेवढ्यात आतला आवाज थांबला. पावलं दाराशी आली.

"मेना? तू अभ्यास करते तिथे?"

"हो."

"मग मी दार लावते," नोन्नो म्हणाले, आणि तिच्या भल्यासाठी त्यांनी दार हळूच लावून घेतलं.