तोंड बगून पाडलेले गट

"तुझा बाप मेंढरं कशी हाकतो? करून दाखव की."

सर फळ्याजवळ उभे, डोळ्यावर चष्मा, हातात मार्कर. मी तिसऱ्या बाकावर. सोलापुरातलं कॉलेज, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, स्टॅटिस्टिक्सचा तास.

मी केलं. हुर्र्र, ट्यॅ ट्यॅ. आबाची मान कशी वाकडी, काठी खांद्यावर कशी आडवी, समदं केलं. नक्कल मी लई भारी करतो. वर्ग बाक बडवून हसला.

सर म्हनले, "बघा. हा ग्रुप बी."

त्या दिवशी दोन गटांची तुलना शिकवायची व्हती. एकमेकांशी संबंध नसलेले दोन गट घ्यायचे. दोगांची सरासरी काडायची. आदी मानायचं की दोगांत फरकच न्हाय. मग टी-टेस्ट लावून बगायचं, दिसतोय येवडा फरक नुसत्या योगायोगानं येईल का. सोपं हाय. मला पयल्या झटक्यात कळलं. पन उदाहरन आमीच व्हतो.

वर्ग वीस-बावीस जनांचा. सरांनी आमच्याच परीक्षेचे मार्क घेतले. निळ्या मार्करनं ग्रुप ए, शहरातल्या शाळांचे. लाल मार्करनं ग्रुप बी, खेड्यातल्या शाळांचे. हातात मार्कांची यादी धरून एकेक नाव घ्यायले.

सानिया सोलापूरजवळच्या कुंभारी गावची. शाळाबी तितलीच. पयला नंबर तिचा. म्हंजे लाल. सर यादीकडं बगून थांबले. "सानिया... हिला ए मध्ये घेऊ. कुंभारी म्हणजे शहरच झालं आता."

रोहन शहरातला, इंग्लिश मिडियमचा, नापास. सर परत थांबले. "रोहन, तू तर राहतोसच गावंढळासारखा. जा बी मध्ये."

रोहनबी हसला.

मग आकडे मांडले. पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली, म्हंजे फरक नसताना येवडा आकडा योगायोगानं यायची शक्यता पाच टक्क्यांच्याबी खाली. सर हात झटकत म्हनले, "मी नाही बोलत. गणित बोलतंय."

आन गनित काय बोललं? लॅबमदी कॉम्प्युटर कमी हायत. ग्रुप ए कॉम्प्युटरवर बसनार. ग्रुप बी वर्गात, वहीवर प्रॅक्टिकल करनार. वर्षभर. मला त्या कॉम्प्युटरवर शिकून नोकरीला लागायचं व्हतं. घरी कॉम्प्युटर न्हाय. मोबाईलची काच फुटल्याली.

तरी भाईर येऊन मी पोरांना सरांची चाल करून दाखवली. पोरं हसली. मी च्या पिला. असा मी.

सुट्टीला गावी गेलो, सांगोल्याकडं. आबा मेंढरांना नवी पेंड घालून बगनार व्हता. अर्ध्या कळपाला नवी, अर्ध्याला जुनी. सकाळी त्यानं वाघर, म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी, एका कडंनं उचलली. एकेक मेंढरू भाईर यायलं. एकाच्या पाटीवर लाल रंग, फुडचं कोरं. परत लाल, परत कोरं. रंगाचा डबा माज्या हातात.

"आबा, ते मरतुकडं कशाला लालमदी घेतलं? नव्या पेंडीला चांगली चांगली काड की."

आबानं हात थांबवला न्हाय. "तोंड बगून वाटनी केल्यावर पेंडीचं काय कळंल रं? माजी नजर कळंल तेवडी."

शाळेची पायरी न चडलेला मानूस. ह्याची मान वाकडी करून मी हशा घेतला व्हता. मला डब्यात बगवंना. आबाकडं तर न्हायच.

परत आल्या आल्या सानियाला गाठलं. जो जितं शिकला तितंच ठेवून गट पाडले. तिनं मोबाईलवर गनित केलं.

"पाँच टक्के के ऊपर गया रे," ती म्हनली. "पन सब बराबर हैं, ऐसा नै निकलता इससे. फरक है बोलने को पुरावा नै. इत्ताच."

मला इत्ताच पायजे व्हतं.

सोमवारी प्राचार्य दोन पावने घेऊन वर्गात आले. सर खुशीत. "हा आमचा कलाकार. ये रे, बापासारखी मेंढरं हाक."

मी फुडं गेलो. मार्कर उचलला. नसलेला चष्मा बोटानं वर सारला. सरांचा आवाज काडला.

"सानिया... हिला ए मध्ये घेऊ. कुंभारी म्हणजे शहरच झालं आता. रोहन, तू तर राहतोसच गावंढळासारखा. जा बी मध्ये. मी नाही बोलत. गणित बोलतंय."

कुनी हसलं न्हाय. माज्या नकलेला पयल्यांदाच कुनी हसलं न्हाय.

मग माज्या आवाजात बोललो. "सर, मार्क बगून गट पाडले तुमी. ही दोन नावं जागेवर ठेवली की तुमचा फरक सिद्ध होत न्हाय. आन माज्या बापाची नक्कल मी हितनं फुडं करनार न्हाय."

"खाली बस," सर म्हनले. "लायकीत राहा."

"बसतो की. लॅबमदी."

प्राचार्यांनी पावन्यांना च्याला नेलं. लॅबच्या दारावरच्या मानसानं यादी बगितली आन मला भाईर काडलं.

यादी अजून तीच हाय. माजे इंटर्नलचे मार्क गेले. सानिया ए मदीच हाय, तिला इचारून कुनी घातलंच नव्हतं. दर प्रॅक्टिकलला मी वही घेऊन लॅबच्या उंबऱ्यात बसतो. आत जानाऱ्याला मला वलांडून जावं लागतंय, सरांनाबी. आन वलांडताना ती वाक्यं ऐकावी लागत्यात, सरांच्याच आवाजात. शब्दाचाबी फरक करत न्हाय मी.

यादी फाटंपर्यंत करनार.