पुस्तकातलं गाऱ्हाणं

मुलांसाठी लिहिणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना आमच्या वाडीतल्या पोरांपुढे नेऊन बसवावं, एवढंच म्हणते. गोष्ट जरा रेंगाळली की ही पोरं बाईंची भीडभाड न ठेवता उठून समुद्रावर चालती व्हायची. त्यांच्यापुढे वाचून वाचूनच मी लिहायला शिकले, आणि चांगलं शिकले. यात लाजायचं काय?

साठ सालाच्या आगेमागे मी मालवणजवळच्या आमच्याच गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझं पहिलं पुस्तक होडीने खाडी ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांवर होतं. मुंबईच्या एका प्रकाशकांनी ते छापलं, आणि ते लोकांना आवडलं. मग मी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली. मराठ्यांच्या आरमाराचा काळ. किल्ल्याला वेढा पडलाय, आतलं धान्य संपलंय, आणि धान्याचं गलबत ज्याने न्यायचं तो तांडेल तापाने फणफणलाय. बाकीचे खलाशी कच खातात. तेव्हा तांडेलाची मुलगी, आमच्या भाषेत चेडू, नारळ हातात घेऊन उभी राहते आणि देवाला गाऱ्हाणं घालते.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवापुढे मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा 'व्हय' म्हटलं की ते मागणं तुमचंही होतं, मग अंग काढून घेता येत नाही. माझे खलाशी असे एकेक करून 'व्हय' म्हणतात आणि वल्ही हातात घेतात.

प्रकाशकांनी कळवलं, कादंबरी उत्तम आहे, पण गाऱ्हाणं काढा. त्याजागी शुद्ध मराठीत छोटीशी प्रार्थना घाला. मुंबईच्या मुलांना ती भाषा कळायची नाही. तेवढं केलंत तर लगेच छापतो, नाहीतर जमणार नाही.

माझा तिळपापड झाला. अहो, त्या गाऱ्हाण्याशिवाय माझं गलबत जागचं हलणार कसं? मी उलट कळवलं की मे महिन्यात सहकुटुंब आमच्याकडे या, आंबे खा, आणि मुलांना काय कळतं ते स्वतः ऐका.

ते खरंच आले, बोटीने, पत्नीला आणि आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन. माणूस सज्जन, पण हट्टाला माझ्या तोडीस तोड.

मला प्रकाशकांपेक्षा जास्त धाक होता तो बाबांचा. माझे वडील गावाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. तो मान पुरुषांचा. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं, आणि मी तर ते एका पोरीच्या तोंडी दिलं होतं. बाबांना मी त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. तेही माझ्या लिहिण्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. फार झालं तर म्हणायचे, "रॉकेल संपता गो, बाय." त्यांना माझं लिहिणं हा पोरखेळ वाटतो असं मी धरून चालले होते, आणि ते मला लागायचं.

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वाडीतली पोरं घरापुढच्या खळ्यात जमवली आणि ते प्रकरण वाचलं. प्रकाशक ओटीवर बसले होते. बाबा परसात नारळ सोलत होते, म्हणून मी जरा निर्धास्त. गाऱ्हाण्याच्या पहिल्याच ओळीला पोरांनी न सांगता 'व्हय म्हाराजा' केलं. तिसऱ्या ओळीला मुंबईची मुलगीही त्यांच्यात मिसळून ओरडायला लागली. मी विजयी मुद्रेने ओटीकडे पाहिलं.

"ती चार दिवसांत तुमचीच झालीय," प्रकाशक हसून म्हणाले. "दादरच्या मुलांचं काय? माफ करा बाई, गाऱ्हाणं नको."

मी वही मिटली. मग कादंबरीच नको, असंही म्हणून टाकलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. मे संपत आलेला, समुद्राला उधाण, आणि बोट फार डोलेल का, हे त्यांच्या पत्नी ज्याला त्याला विचारत होत्या. ट्रंका न्यायला शेजारचे चौघे आले होते. बाबांनी तुळशीपुढे नारळ ठेवला आणि सगळ्यांना हात जोडायला लावले.

"बा देवा म्हाराजा, आज हे पावणे मुंबैक जाऊक निघाले आसत, तेंची वाट सुखरूप कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आम्ही सगळे, आणि ती मुलगी सगळ्यांत मोठ्याने. तिने वडिलांना कोपराने ढोसलं. "बाबा, म्हणा ना." पत्नीनेही डोळे वटारले. पुढच्या मागण्याला प्रकाशकही 'व्हय' म्हणायला लागले.

"वाटेत काय वाकडा-नाकडा आसात तां दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माज्या चेडवान लिवलेला पुस्तक, एक अक्षर न गाळता, ह्येंच्या हातसून छापान येंव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," प्रकाशक म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं. ट्रंका उचलायला आलेले शेजारी खाली मान घालून हसत होते. प्रकाशकांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःही हसले. "आता माझा इलाज नाही," ते म्हणाले. "हस्तलिखित द्या."

कादंबरी जशीच्या तशी निघाली. दादरच्या मुलांना सगळं कळलं, हे वेगळं सांगायला नको.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं. बाबांनी जन्मभर गावासाठी मागितलं. कुणाची गुरं, कुणाची शेती, कुणाचं दुखणं. स्वतःच्या घरासाठी मागताना मी त्यांना तेव्हाच एकदा ऐकलं. पाहुणे दिसेनासे झाल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमका कसा कळला? तुमी तर परसात होतास."

बाबा नारळ फोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुज्या त्या चेडवान गाऱ्हाणां घातला," ते म्हणाले, "तेवा परसात उभो रवान मियाय व्हय म्हटलंय."