आपापल्या जागचा धडा

मार्तंडराव मास्तरांच्या शाळेत बारा वर्षांत एकही मूल नापास झालं नव्हतं. वर्षातून एकदा बुलढाण्याहून शाळा तपासायला डिप्टी यायचे, मुलांचं वाचन ऐकायचे, 'उत्तम' असा शेरा लिहायचे आणि पोहे खाऊन आपल्या बैलांच्या दमणीत बसायचे. ते दरसाल पहिल्या धड्यापासून ओळीनं एकेका मुलाला एकेक धडा वाचायला लावत. म्हणून मास्तरांनी प्रत्येक मुलाची जागा ठरवून दिली होती आणि त्या जागचा धडा त्याच्याकडून घोकून घेतला होता. बोट मात्र ओळीखाली फिरलंच पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष! यात काही खोटं आहे, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एका सकाळी कडूबा शाळेच्या दारात आला. पहिल्या वर्षी डिप्टींच्या हातून बक्षीस घेतलेला हा पोरगा आता चांगला बाप्या गडी झाला होता. त्यानं फेट्यातून टपालाचं एक कार्ड काढलं.

"गुरुजी, एवढं वाचून द्या."

"काऊन बे? तुले तं वाचता येते!"

"नाही येत, गुरुजी. मले माह्या जागचा धडा तेवढा येत होता."

मास्तर हसले. थट्टाच वाटली त्यांना. मग त्यांनी कार्ड वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कडूबाची बहीण आशाबाई अत्यवस्थ होती. दोन दिवसांत या, असं तिच्या सासऱ्यानं लिहिलं होतं. कार्ड येऊन आठ दिवस झाले होते.

"दुसऱ्या कोणाले काऊन नाही दाखवलं?"

"गाव मले शिकलेला म्हणते, गुरुजी. मायनं वाच म्हटलं. म्या बोट फिरवलं अन् सारे खुशाल हायेत म्हणून सांगतलं. पण जिवाले चैन पडेना, म्हणून आज आलो."

कडूबा तसाच बहिणीच्या सासरी, संग्रामपूरच्या वाटेनं पळत सुटला. बहीण चार दिवसांपूर्वीच गेली होती.

मास्तरांना अन्न गोड लागेना. फिरणारं ते बोट त्यांनीच शिकवलं होतं.

पुढच्या महिन्यात डिप्टी आले. त्या दिवशी मास्तरांनी आपल्या हातानं सगळ्या मुलांच्या जागा बदलल्या. सातव्या जागचा शालिग्राम पहिल्या जागेवर उभा राहिला आणि पहिल्या धड्यावर बोट फिरवत त्यानं खणखणीत आवाजात सातवा धडा म्हटला. दुसऱ्यानं अकरावा. डिप्टींच्या हातातली लेखणी तशीच राहिली.

"मास्तर, हे काय?"

"बारा वर्षं हेच चाललंय, साहेब. मागचे शेरे खोडा. कडूबा नापास होता, मी त्याला पास केला."