मध्यंतर घेणारा माणूस

आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे शब्दांच्या आड लपायला मला जागा राहणार नाही. माझ्या ओळखीतल्या सर्वांत निरुपद्रवी माणसाने एका रविवारी दुपारी थेटराच्या बोळात मला एक साधा प्रश्न विचारला, आणि खरं उत्तर ठाऊक असून मी खोटं दिलं. आता त्या माणसाविषयी. सिनेमाचा एवढा अभ्यास केलेला आणि तरी सिनेमा न पाहिलेला दुसरा इसम साऱ्या सिंगापुरात सापडणार नाही, कारण हा पडद्याकडे बघायचाच नाही. पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची, जी कोणी फुकट दिली तरी घेत नाही, ती हा मुद्दाम मागून घ्यायचा, तिच्यात आडवा बसायचा, आणि पडद्याकडे पाठ करून लोकांची तोंडं न्याहाळायचा. "तिकडे नुसता उजेड असतो रे," म्हणायचा, "सिनेमा इकडे असतो, खुर्च्यांत." एकदा मागच्या रांगेतला एक चिनी म्हातारा बराच वेळ सहन करून शेवटी इथल्या 'ला' लावलेल्या इंग्रजीत ओरडला, "अंकल, मूव्ही दॅट साइड ला!" यावर आमच्या माणसाने अदबीने मान लववली, "येस येस, आय नो, यू कॅरी ऑन," आणि पुन्हा त्याच म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने तर त्याच्याबरोबर सिनेमाला यायचंच सोडलं. "बाबा, अंकल वॉचेस मी क्राय. सो एम्बॅरॅसिंग ला."

पोटासाठी तो आमच्याच कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. मी दुसऱ्या एका टीमचा मॅनेजर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत बसणाऱ्यांपैकी. त्याची टीम माझ्या हाताखाली नव्हती, पण त्याचे रिपोर्ट मात्र मजल्यामजल्यांवर वाचले जायचे. इतर लोक पहिल्या ओळीत चूक काय ते लिहितात. हा लिहायचा, "वापरणारा निर्धास्त आहे. तो नाव भरतो, पत्ता भरतो. सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. पण खाली, तिसऱ्या पानावर, काहीतरी त्याची वाट बघतं आहे." हे सगळं इंग्रजीत, आणि चूक शेवटच्या ओळीत. त्याचा साहेब डोकं धरायचा. "जस्ट टेल मी व्हॉट इज ब्रोकन!" हा शांतपणे सांगायचा, "सर, पहिल्या ओळीत सांगितलं असतं तर तुम्ही तिसऱ्या पानापर्यंत आला असतात का?"

रहस्यपटांवर तर त्याचा सगळा जीव. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांत, चहा पिताना त्याने मला हे शास्त्र शिकवलं. चहाने काठोकाठ भरलेला कप त्याने टेबलाच्या अगदी कडेवर, अर्धा हवेत राहील असा ठेवला आणि सांगलीतल्या कुठल्याशा शिक्षकांची गोष्ट सांगायला लागला. मी हूं हूं करत होतो, डोळे कपावर. "मी आत्ता काय बोललो?" त्याने मध्येच विचारलं. मला सांगता आलं नाही. "बघ! कप पडला की तू फार तर दचकशील, संपलं. तो कडेवर आहे तोवर तू माझा गुलाम. आता असं समज, तिथे बसलेल्या पोराला कप दिसत नाही, तुला दिसतो आहे. तू ओरडू शकत नाहीस, कारण तू प्रेक्षक. पात्राला माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे, आणि प्रेक्षकाला बोलता येत नाही. सगळं रहस्य एवढंच." इतक्यात टेबलं पुसणाऱ्या आँटीने तो भरला कप उचलून नेला आणि शास्त्राचं पुढलं प्रकरण राहून गेलं. त्या दिवसापासून तो मला प्रेक्षकराव म्हणायला लागला. मी कुठल्याच गोष्टीत काही न बोलता नुसता बसून असतो, म्हणून.

या देशाविषयी त्याच्या तक्रारी दोनच. एक, इथे मक्याच्या लाह्यांना साखर लावतात. दुसरी, इथल्या थेटरांत मध्यंतर नसतं. पहिलीवर त्याचा उपाय म्हणजे सांगलीहून येणारं भडंग, जे तो पँटच्या खिशात दडवून आत न्यायचा. त्यामुळे त्याच्या सगळ्या पँटींना लसणाचा वास यायचा. दुसरीवरचा उपाय असा, की तो स्वतःचं मध्यंतर स्वतः घ्यायचा. सिनेमा बरोबर अर्ध्यावर आला की हा उठायचा. मग पडद्यावर खून होत असो नाही तर लग्न लागत असो. बाहेरच्या बोळात गालिच्यावर उभा राहून मूठमूठ भडंग खायचा आणि आतल्या अर्ध्याविषयी बोलायचा. "माणसाला श्वास घ्यायला नको का? सलग दोन तास कुणाचं दुःख बघणं हे काय बरं आहे?"

वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगलीत एका शाळेवर शिक्षिका. कायम नोकरी, अनुदानित शाळा. असल्या नोकरीसाठी लोक नवस बोलतात. म्हणून हा इथे हौगांगला एका चिनी बाईच्या घरात खोली घेऊन कित्येक वर्षं एकटा. दर रविवारी फोनवर तो वहिनींना सिनेमा सांगायचा, पण फक्त मध्यंतरापर्यंत. पुढचं काही केल्या सांगायचा नाही. "उरलेला इकडे आल्यावर." त्या चिडायच्या. एकदा फोन माझ्या हातात आला तेव्हा म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा हो, त्या बाईला तिचा मुलगा सापडला की नाही? मला रात्रीची झोप नाही." मी सांगणार तोच याने फोन काढून घेतला.

आणि मराठी सिनेमा सिंगापुरात आणायचा तर तो यानेच. आपले सिनेमे इथे येतात ते एखाद्या रविवारच्या एका खेळापुरते, आणि खुर्च्या भरण्याची हमी कोणीतरी घेतली तरच. हमी हा घ्यायचा. मग महिनाभर घरोघर फोन. "तुमच्या मुलाच्या मुंजीला मी आलो होतो. आता तुम्ही सिनेमाला या." कोणी नाही म्हटलं तर, "हरकत नाही, फक्त कारण नीट सांगा, चांगलं असलं तर एखाद्या पटकथेत वापरीन." मरीन परेडच्या एका कुटुंबाने याचा फोन उचलणं बंद केलं तर हा त्यांच्या लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. घरमालकीण आँटीलाही त्याने एकदा आणून बसवलं. तिला एक अक्षर कळलं नाही, पण रडली मात्र सगळ्यांत जास्त, असं त्याने नंतर अभिमानाने सांगितलं. तो बघतच होता ना.

असाच एक विनोदी सिनेमा त्याने आणला. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्हा मॅनेजर लोकांना वर बोलावून सांगण्यात आलं होतं, की तपासणीचं सगळं काम दुसऱ्या देशात हलवायचं ठरलं आहे, ती टीम बंद. जाहीर होईपर्यंत कुठे बोलायचं नाही. आम्ही सह्या केल्या. इथे नोकरी गेली की कामाचा पास जातो आणि पास गेला की देश. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला स्वतःपुरतं ठाऊक होतं. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा अडकलेला. मी खाली आलो आणि त्याने मला सिनेमाची तिकिटं दिली.

थेटर भरलं होतं. अर्ध्यावर तो उठला, मीही मागोमाग बोळात गेलो. त्याने माझ्या हातावर भडंग ओतलं, आणि पहिल्यांदाच सिनेमाविषयी बोलला नाही.

"तोआ पायोहला फ्लॅट बघितलाय. थेटर चालत जायच्या अंतरावर. ही विचारतेय, राजीनामा देऊ का? उद्या संस्थेला कळवायचंय. एकदा दिला की ती जागा परत मिळत नाही, म्हणून तुला विचारतो. तू वर बसतोस. आमच्या टीमचं ठीक आहे ना सगळं? सांगू तिला, दे म्हणून?"

मी भडंग चावत होतो. "देऊ दे की," मी म्हणालो. "किती दिवस दोन ठिकाणी संसार करायचा?"

हे दुसरं वाक्य त्याने मागितलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "चला," तो म्हणाला, "आता हिला सगळे शेवट सांगावे लागणार. आठवले पाहिजेत." आम्ही आत गेलो. पुढचा तासभर लोक पोट धरून हसले. तो आपल्या खुर्चीत आडवा बसून ते हसणं बघत होता.

थेटरात ओरडता येत नाही हे खरं. मी बोळात होतो.

त्याच्या टीमला बोलावून सांगितलं तेव्हा वहिनींचा राजीनामा मंजूर होऊन गेला होता. त्यांनी तो मागे घ्यायची धडपड केली, पण त्या जागेवर संस्थाचालकांच्या भाच्याची बायको हजरसुद्धा झाली होती. तो त्या दिवशी नोटिशीचं पाकीट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. "प्रेक्षकराव, आमचा खेळ उतरवला." मग पाकीट खिशात घालत, "तुला माहीत होतं?"

"आजच कळलं," मी म्हणालो.

"बरं झालं बाबा. आधी कळलं असतं तर तुझे किती हाल झाले असते."

विमानतळावर त्याला सोडायला मी गेलो. आत शिरायच्या आधी तो वळला. पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघायचा, तसाच. "त्या विनोदी सिनेमाला मध्यंतरानंतर अख्खं थेटर हसत होतं. मी सगळ्यांची तोंडं बघत होतो. तू एकटा माझ्याकडे बघत होतास, कडेवरच्या कपाकडे बघावं तसा." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी म्हटलं, याचं पोट बिघडलं असेल. भडंग जरा जुनं होतं." एवढं बोलून, मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून की काय, तो भराभर आत निघून गेला.

वहिनी आता एसटीने लांबच्या एका गावी जाऊन तासांवर शिकवतात. एकदा फोनवर म्हणाल्या, "काही का असेना भावजी, सगळ्या सिनेमांचे शेवट कळले. त्या बाईला मुलगा सापडला होता." त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. त्याला सांगलीत मनासारखं काम मिळालेलं नाही. एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवतो आणि रविवारी त्यांना गोळा करून सिनेमा दाखवतो. स्वतः अर्थात पोरांकडे बघत बसतो. मला अजून मोठमोठे मेसेज पाठवतो, त्यात एकेका सिनेमाची गोष्ट असते, मध्यंतरापर्यंत. खाली लिहिलेलं असतं, "उरलेला इकडे आल्यावर."

माझा पीआर झाला. मी अजून सांगलीला गेलेलो नाही. थेटरात गेलो तर अर्ध्यावर उठून बाहेर येतो. बोळात कोणी नसतं. हे इथे लिहून काढलं म्हणजे फिटलं, असं मी समजत नाही. सांगलीला जाऊन, त्या दोघांच्या समोर बसून, मला माहीत होतं आणि तरी मी "देऊ दे" म्हणालो, एवढं सांगणं मी अजून त्यांचं देणं लागतो.